डासरोधक रसायनांची चाचणी नेमकी कशी होते? वेष्टनावरचे 'आठ तास' कुठून येतात?

पंखवेध

डासरोधक मलमाच्या वेष्टनावर 'आठ तासांपर्यंत संरक्षण' असे काहीतरी छापलेले असते. नवे रसायन सापडल्याची बातमी आली, तर त्यातही 'डीट या जुन्या डासरोधक रसायनापेक्षा दुप्पट टिकणारे' एवढेच वाक्य वाचकापर्यंत पोहोचते. हे तास कोणत्या डासावर मोजले, किती रसायन लावून मोजले आणि नेमके काय घडले की घड्याळ थांबवले, हे सहसा कोणी सांगत नाही. डासांची वसाहत सांभाळणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षे काम केले आहे. हिवतापाचे डास, म्हणजे अनॉफिलिस, हा माझ्या कामाचा विषय असल्यामुळे चर्चा शक्यतो त्यांच्यापुरती ठेवू या. डेंग्यूच्या एडिसचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

थोडा इतिहास आधी सांगतो, कारण आजची पद्धत त्यातूनच आली आहे. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशात लढणारे अमेरिकी सैनिक हिवतापाने अंथरुणाला खिळू लागले, तेव्हा तेथील कृषी खात्याने फ्लोरिडातील ऑरलँडो येथे हजारो रसायने एकामागून एक तपासून पाहिली. या शोधाची फलश्रुती म्हणजे डीट. ते १९४६ साली सैन्याला मिळाले आणि १९५७ साली सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी त्वचेवर लावण्याजोग्या आणि बाजारात टिकलेल्या रसायनांची यादी फारशी वाढली नाही: मर्क कंपनीचे आयआर३५३५, बायर कंपनीने १९८० च्या दशकात तयार केलेले पिकॅरिडिन, लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी, रानटी टोमॅटोत सापडलेले २-अनडेकॅनोन आणि २०२० साली अमेरिकेत नोंदणी झालेले नूटकॅटोन. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने डीपा हे रसायन विकसित केले. डीट बनवण्यासाठी लागणारा मूळ कच्चा माल देशात सहज मिळत नव्हता, हे त्यामागचे अगदी व्यवहारी कारण होते.

आता चाचणीकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली त्वचेवरील डासरोधकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि बहुतेक प्रयोगशाळा त्यांचा आधार घेतात. पिंजरा प्रत्येक बाजूस ३५ ते ४० सेंटिमीटर असतो. त्यात पाच ते सात दिवस वयाच्या, एकदाही रक्त न प्यालेल्या २०० ते २५० माद्या सोडतात आणि बारा तास आधीपासून त्यांचे साखरपाणीही बंद करतात. स्वयंसेवकाने आदल्या दिवसापासून तंबाखू, अत्तर आणि सुगंधी साबण टाळायचा असतो. हातावर मोजा चढवून मनगट ते कोपर एवढाच भाग उघडा ठेवला जातो आणि प्रथम काहीही न लावता तो पिंजऱ्यात घातला जातो. अर्ध्या मिनिटात किमान दहा डास बसले नाहीत, तर ते डास त्या चाचणीसाठी बाद होतात. चावण्याची इच्छाच नसलेल्या डासांना कोणतेही रसायन 'पळवू' शकते, म्हणून ही अट अत्यंत महत्त्वाची आहे, आणि घाईच्या कामात नेमकी हीच अट ढिली पडते.

ही अट पूर्ण झाली की सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर त्वचेवर एक मिलिलिटर द्रावण लावतात. तुलनेसाठी अल्कोहोलमधील २० टक्के डीट याच रीतीने लावले जाते. पुढे दर अर्ध्या तासाने किंवा तासाने हात तीन मिनिटे पिंजऱ्यात ठेवायचा. सुरुवातीला माद्या उठतात, हाताच्या रोखाने येतात आणि बोटभर अंतरावरून वळतात. वेळ जातो तसे हे अंतर कमी होत जाते. मग एखादी मादी पुढच्या पायांनी त्वचेला निसटता स्पर्श करून उडते, पुन्हा येते, आणि अखेरीस टेकते. अनॉफिलिस असेल तर पोटाचा मागचा भाग वर उचललेला आणि सोंड, डोके व पोट एका तिरप्या रेषेत आलेले स्पष्ट दिसते. या क्षणी घड्याळ थांबवतात. लावल्यापासून इथपर्यंतच्या वेळेला 'संपूर्ण संरक्षण काळ' म्हणतात आणि वेष्टनावरचे तास येतात ते इथून.

याच्या आधीचीही एक पायरी असते. नव्या रसायनाची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन निम्मे डास रोखणारी मात्रा आणि हजारातील ९९९ डास रोखणारी मात्रा काढतात. दुसरी मात्रा पहिलीच्या किती पट आहे, यावरून रसायनाचा स्वभाव कळतो. निम्मे डास थोडक्यात रोखणारी रसायने पुष्कळ सापडतात, पण शेवटचे चारदोन चिवट डास रोखण्यासाठी मात्रा कित्येक पट वाढवावी लागली की ते रसायन तिथेच मागे पडते.

माझे म्हणणे असे आहे की, डासाची जात, लावलेली मात्रा आणि पिंजऱ्यातील डासांची संख्या सोबत दिलेली नसेल, तर नुसत्या तासांना अर्थ उरत नाही. एकच रसायन एडिसवर आणि अनॉफिलिसवर वेगवेगळा काळ टिकते. अनॉफिलिसच्या सगळ्या जातीही सारख्या नसतात; मध्य अमेरिकेतील अनॉफिलिस अल्बिमॅनस डीटला फारशी दाद देत नाही, हे जुने निरीक्षण आहे. आपल्या प्रयोगशाळांत बहुधा अनॉफिलिस स्टीफेन्सी वापरतात, कारण ती पिंजऱ्यात सहज वाढते. ती शहरातील टाक्यांमध्ये वाढणारी जात आहे. ग्रामीण भारतातील हिवतापाचा मोठा भाग पसरवणारी अनॉफिलिस क्युलिसिफेसीस वसाहतीत वाढवणे त्या मानाने जिकिरीचे असते. त्यामुळे गावात विकायच्या मलमाचा आकडा शहरी डासावरून आलेला असण्याची शक्यता बरीच असते.

किमया

धागा उत्तम आहे. मात्रेबद्दल रसायनशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालते, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते असे माझे मत आहे.

तुम्ही दिलेल्या तुलनेच्या द्रावणात एक मिलिलिटरमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम डीट असते आणि ते ६०० चौरस सेंटिमीटरवर पसरते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ मिलिग्रॅम. आता समजा, एखाद्या १२ टक्के मलमाची चाचणी चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम मलम लावून केली. सक्रिय रसायन झाले १.२ मिलिग्रॅम, म्हणजे तुलनेच्या डीटच्या साडेतीन पटींहून अधिक. अशा मलमाने अधिक तास काढले, तर त्यात नवल काय?

याच मात्रेने एका हाताच्या मनगट ते कोपर भागाला सहा ग्रॅम मलम लागते, दोन्ही हातांना बारा. गुडघ्याखालचे दोन्ही पाय धरले तर आणखी वीसेक ग्रॅम लागतील. पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन रात्रीही पुरणार नाही. प्रत्यक्षात तीच ट्यूब घरातील चार माणसे महिनाभर वापरतात, हे आपण सगळेच पाहतो. म्हणून चाचणी अहवालात मी तासांच्या आधी मात्रेचा रकाना पाहते.

रानवाट

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य विभागाच्या क्षेत्रीय कामात आहे. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांचा फार मोठा वाटा आमच्या जिल्ह्यात असतो आणि त्यातही भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूची जंगलातील गावे अधिक त्रासलेली आहेत. किमया यांनी मांडलेला हिशेब मला रोज दिसतो, फक्त ग्रॅममध्ये दिसत नाही इतकेच.

मलम वाटले की पहिल्या आठवड्यात लोक आवडीने लावतात. त्यानंतर चेहरा आणि हात एवढ्यावर भागते. घोटे व पावले मात्र उघडी राहतात, जिथे डास अधिक बसतात. सायंकाळी लावून झाल्यावर जेवणाआधी हात धुतले जातात आणि हातावरचे मलम तिथेच संपते. भाताच्या राखणीला शेतातील माचाणावर झोपणारा माणूस, मे महिन्यात तेंदूपानाच्या फडीवर मुक्कामाला गेलेले कुटुंब किंवा पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाया, यांना कीटकनाशक भारित मच्छरदाणी आणि घरातील फवारणी या दोन्ही गोष्टी त्या वेळी उपयोगी पडत नाहीत. म्हणजे डासरोधकाची खरी गरज जिथे आहे, तिथेच घाम, धूळ, पाऊस आणि अंगमेहनत हे सगळे आहे. प्रयोगशाळेत हात स्वच्छ धुऊन, पुसून, शांत बसून मोजलेला काळ आमच्या माणसाला लागू करावा कसा, हा माझा प्रश्न आहे. नवे रसायन येवो न येवो, ते घामात किती टिकते याची चाचणी कोणी करते का?

पंखवेध

रानवाट, घर्षण आणि पाण्याने धुऊन जाण्याच्या वेगळ्या चाचण्या आहेत, पण त्या सक्तीच्या नसल्यामुळे ज्यांना तसा दावा छापायचा असतो तेच त्या करतात. खरी परीक्षा क्षेत्रीय चाचणीत होते आणि वापराचा तुम्ही मांडलेला मुद्दा तिथे फार ठळकपणे समोर आला आहे.

कंबोडियातील रतनाकिरी प्रांतात २०१२ आणि २०१३ या काळात मोठी चाचणी झाली. तेथील परिस्थिती तुमच्या भागाशी बरीच जुळते: जंगल, शेतावरील झोपड्यांत रात्रीचा मुक्काम आणि सायंकाळी लवकर चावणारे डास. गावेच्या गावे निवडून मच्छरदाण्यांच्या जोडीला पिकॅरिडिन फुकट वाटले आणि काही गावांत फक्त मच्छरदाण्या ठेवल्या. हिवतापाच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक पडला नाही. विचारल्यावर सुमारे ७० टक्के लोक 'रोज लावतो' असे सांगत होते, पण मानववंश अभ्यासकांनी गावात राहून प्रत्यक्ष पाहिले तेव्हा रोज लावणाऱ्यांचे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेले नाही. रसायन चांगले होते, कारण याच पिकॅरिडिनने बुर्किना फासोमधील क्षेत्रीय चाचणीत अनॉफिलिस गांबी या आफ्रिकेतील डासाविरुद्ध उत्तम टिकाव दाखवला होता.

याउलट बोलिव्हियाच्या ॲमेझॉन भागातील चाचणीत, जिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, पीएमडी आणि मच्छरदाणी एकत्र वापरणाऱ्यांमध्ये व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप केवळ मच्छरदाणी वापरणाऱ्यांपेक्षा ८० टक्क्यांनी कमी आढळला. पाकिस्तानातील अफगाण निर्वासितांच्या छावणीत डीट आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेल्या साबणवडीनेही फाल्सिपॅरम प्रकारचा हिवताप निम्म्याहून अधिक कमी केला. लाओसमध्ये मात्र फरक दिसला नाही. मला यातून असे वाटते की, चाचणी रसायनाची आहे असे आपण समजतो, परंतु गावपातळीवर गेल्यावर ती बहुतांशी सवयीची चाचणी होते. त्यामुळे एकाच रसायनाचे दोन देशांतील निष्कर्ष शेजारी ठेवून रसायनाला नापास करणे अन्यायाचे ठरेल.

मध्यगा

संख्याशास्त्राच्या अंगाने दोन गोष्टी मांडायच्या आहेत.

'पहिला डास बसेपर्यंतचा काळ' हे मोजमापच नाजूक आहे, कारण ते सगळ्या डासांच्या सरासरी वर्तनावर अवलंबून नसून त्यांतील सर्वांत धीट डासावर अवलंबून असते. गृहीत धरा की, ठरावीक वेळी प्रत्येक डास हातावर बसण्याची शक्यता ०.२ टक्के आहे. भोवती दहा डास असतील, तर किमान एक बसण्याची शक्यता सुमारे २ टक्के येते. पिंजऱ्यात २५० डास असतील, तर तीच शक्यता ३९ टक्क्यांवर जाते. रसायन तेच, त्वचा तीच, आणि तरीही घड्याळ खूप आधी थांबते. म्हणजे डासांच्या संख्येच्या बाबतीत पिंजरा अंगणापेक्षा कठोर परीक्षक आहे. मात्रा आणि घाम यांच्या बाबतीत मात्र तो फारच सौम्य आहे. या दोन चुका एकमेकींना परस्पर खोडून काढतात असे कोणी म्हणेल, पण किती प्रमाणात खोडतात हे ठाऊक नसताना त्यावर विसंबता येत नाही. एकाच पिंजऱ्यात, एकाच दिवशी, दोन रसायनांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. ग्राहकाला वेळापत्रक म्हणून द्यायला तो योग्य नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्रीय चाचणीची आहे. तिथे मलम लावलेल्या आणि न लावलेल्या माणसांवर बसणारे डास मोजून संरक्षणाची टक्केवारी काढतात. माणसामाणसांत डासांना आकर्षित करण्याची क्षमता वेगळी असते, म्हणून कोणी कधी कोणते मलम लावायचे आणि कुठे बसायचे याची अदलाबदल आलटून पालटून करतात, जेणेकरून शेवटी प्रत्येकाने प्रत्येक मलम प्रत्येक जागी लावलेले असेल. हे बहुतेक जण नीट करतात. दोघांमधील अंतराकडे मात्र दुर्लक्ष होते. समजा, मलम नसते तर प्रत्येकावर वीस डास बसले असते. मलम लावलेल्या माणसाने दहा डास परतवले आणि ते शेजारी बसलेल्याकडे गेले, तर नोंद होईल दहा आणि तीस. टक्केवारी निघेल ६७, आणि खरे संरक्षण आहे ५०. मलमाची गुणवत्ता वाढली नाही, शेजाऱ्याच्या डोक्याचा ताप मात्र वाढला.

डास शेजाऱ्याकडे वळणे ही केवळ गणिती अडचण नाही, हेही नमूद करतो. टांझानियातील एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१३ साली आले, काही घरांनीच डीट वापरले तेव्हा न वापरणाऱ्या घरांकडे डास वळल्याचे दिसले. वाटप अर्धवट झाले, तर गरीब घर अधिक चावून घेते.

चौकस

माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्रात लावायच्या द्रवाचे नवे रसायन आल्याच्या जाहिराती २०२४ पासून पाहतो आहे. त्याची चाचणीही अशीच हात घालून होते का? आणि रसायन नवे असले की ते आपोआप अधिक प्रभावी असते का?

किमया

चौकस, तुमचा रोख बहुधा रेनोफ्लुथ्रिनकडे आहे. गोदरेज कंपनीने जुलै २०२४ मध्ये ते जाहीर केले आणि भारतात विकसित झालेले, स्वामित्व हक्क मिळालेले पहिलेच डासरोधक रसायन असा त्यांचा दावा आहे. हे पायरेथ्रॉइड या कीटकनाशक गटातील, हवेत पसरणारे रसायन आहे. त्वचेवरील मलमाची चाचणी त्याला लागू पडत नाही. बंद काचेच्या पेटीत किंवा खोलीएवढ्या कक्षात ठरावीक डास सोडून किती मिनिटांत निम्मे डास खाली पडतात, चोवीस तासांनी किती मेलेले असतात आणि माणसावर बसण्याचे प्रमाण किती घटते, हे पाहतात. खोलीचे आकारमान, हवेची ये-जा आणि खिडकी उघडी आहे की बंद, यांवर निकाल फार बदलतो. आपल्या घरात खिडकी उघडी असते, पंखा चालू असतो आणि दारही सतत उघडझाक होत असते.

आपल्या देशात अशा रसायनांना कीटकनाशक अधिनियम १९६८ खाली फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीची परवानगी लागते. पूर्णपणे नव्या रसायनासाठी कलम ९(३) खाली अर्ज करावा लागतो आणि त्यात परिणामकारकतेबरोबर विषारीपणाच्या चाचण्यांची मोठी जंत्री द्यावी लागते: तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे होणारी विषबाधा, डोळ्यांची जळजळ, ॲलर्जी, जनुकांवरील परिणाम, दीर्घकाळच्या संपर्काचा परिणाम. पैसा आणि वर्षे खर्च होतात ती याच टप्प्यात. नवी रसायने इतकी कमी का, याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे असे की, ज्यांना हिवताप होतो त्यांच्या खिशात पैसे नसतात. बाजारातील स्वस्त मच्छर अगरबत्त्यांपैकी काहींवर नोंदणी क्रमांकच नसतो. तो पाहिल्याशिवाय घेऊ नये, एवढे मात्र सांगते.

सावित्रीची_लेक

मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते की, इतक्या चर्चेत कोणीही स्वयंसेवकाबद्दल बोलले नाही. हिवतापाच्या गावात एखाद्याने रात्रभर उघड्या पायांनी बसून डास अंगावर घ्यायचे, हे नीतीला धरून आहे का?

पंखवेध

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सरळ नाही. प्रयोगशाळेतील डास पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढलेले आणि रोगजंतूमुक्त असतात, त्यामुळे तिथे धोका गांधी उठण्यापुरता असतो. बहुतेक वेळा डास टेकताच हात झटकला जातो. गावातील चाचणीत बसलेला डास चावण्याआधी शोषनळीने उचलायचा असतो. आमच्याकडील कीटक समाहारकांचा, म्हणजे डास गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, हात यात इतका बसलेला असतो की, पाहणाऱ्याला डास बसल्याचे कळण्याआधी तो नळीत गेलेला असतो. तरीही एखादा चावतोच. म्हणून प्रतिबंधक औषध, नियमित रक्त तपासणी, विमा, लेखी संमती आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता आवश्यक असते. गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना घेत नाहीत. याचा एक तोटा असाही आहे की, ज्यांना हिवताप सर्वाधिक जीवघेणा ठरतो, त्यांच्या त्वचेवरील टिकाव आपण कधीच प्रत्यक्ष मोजत नाही.

माणसाऐवजी गरम पाण्याने तापवलेल्या पडद्यामागे रक्त ठेवून डासांना चावू देण्याची पद्धत प्राथमिक छाननीसाठी चांगली आहे. मात्र तिथे माणसाचा घाम आणि श्वास नसतो. त्यामुळे त्या निकालावर थेट वेष्टनावरचा दावा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किमया

नव्या रसायनांच्या शोधाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. २००८ साली फ्लोरिडातील संशोधकांनी जुन्या चाचण्यांच्या नोंदी संगणकाला शिकवून पिपरिडिन गटातील कोणते रेणू अधिक काळ टिकतील याचा अंदाज घेतला, काही रेणू प्रत्यक्ष तयार केले आणि कापडावर लावून पाहिले. त्यांपैकी काही रेणू डीटच्या तिपटीहून अधिक काळ टिकले. बातम्या जोरात झाल्या, परंतु चाचणी कापडावरची होती आणि डास एडिस होता. त्वचा रसायन शोषून घेते, कापड शोषत नाही.

२०१९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अनॉफिलिसच्या स्पर्शिकांतील मज्जापेशी चमकताना दिसतील अशी व्यवस्था करून डीट, पिकॅरिडिन आणि आयआर३५३५ यांचा वास दिला. अनॉफिलिसला या तिन्हींचा वास जवळजवळ येतच नव्हता. वनस्पतींपासूनच्या काही रसायनांना, उदाहरणार्थ लवंगेतील युजेनॉलला, त्या पेशींनी प्रतिसाद दिला. डीट मात्र माणसाच्या गंधाचे रेणू हवेत उडू देत नाही आणि त्यामुळे माणूस डासाला 'दिसेनासा' होतो, असे त्यांचे अनुमान आहे. एडिसमध्ये गंध ओळखणारी यंत्रणा वेगळी वागते आणि तो पायांनी चव घेऊनही डीट टाळतो. मग एडिसच्या नाकावर बेतलेले रसायन अनॉफिलिसवर चालेलच असे कसे धरायचे? पंखवेध यांनी जातीचा मुद्दा मांडला, त्याचे कारण इतक्या खोलवर आहे.

आणखी एक तपशील. एकदा डीटचा अनुभव घेतलेल्या एडिस माद्यांपैकी काहींनी तीन तासांनी पुन्हा डीट समोर आल्यावर त्याची फारशी पर्वा केली नाही, असे इंग्लंडमधील एका प्रयोगात २०१३ साली आढळले. एकच पिंजरा दिवसभर वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रानवाट

सर्वांचे आभार. आता थोडे कामाचे विचारतो. आमच्याकडे कधी नव्या मलमाची चाचणी घ्यायची ठरली आणि मला मत विचारले गेले, तर कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा? हवेत पसरणाऱ्या, वीज न लागणाऱ्या पट्ट्यांबद्दलही ऐकतो. माचाणावर त्यांचा उपयोग होईल का?

पंखवेध

पट्ट्यांचे आधी सांगतो. ट्रान्सफ्लुथ्रिन हे डास पळवणारे रसायन हवेत हळूहळू सोडणाऱ्या अशा साधनांची केनियातील मोठी चाचणी यशस्वी ठरली आणि हिवतापाच्या संसर्गात सुमारे एक तृतीयांश घट दिसली. इंडोनेशियातील सुंबा बेटावरील आधीच्या चाचणीत घट दिसली खरी, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला ती उतरली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली या साधनांची काही अटींवर शिफारस केली आहे. त्यांचा मोठा फायदा असा की, रोज काही लावण्याची आठवण ठेवावी लागत नाही, म्हणजे रतनाकिरीत जे घडले ते टळते. पण या चाचण्या घरातल्या आहेत. चारही बाजूंनी उघड्या माचाणावर वारा ते रसायन किती वेळ राहू देईल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

मलमाच्या चाचणीत पहिला आग्रह जागेचा आणि वेळेचा धरा. सायंकाळी अंधार पडल्यापासून झोपेपर्यंतचे तास आणि पहाटेचे तास वेगवेगळे नोंदवावेत, कारण मच्छरदाणीत शिरल्यानंतरचे संरक्षण मलमाच्या खात्यावर जमा होता कामा नये. पकडलेल्या प्रत्येक डासाची जात ओळखली जावी. हिवताप न पसरवणारे क्युलेक्स डास भरपूर असतील, तर एकूण टक्केवारी छान दिसेल आणि त्यात क्युलिसिफेसीस व फ्लुव्हियाटिलिस या हिवताप पसरवणाऱ्या अनॉफिलिस जातींविरुद्धचे अपयश झाकून जाईल. मध्यगा यांनी सांगितलेले अंतर पाळा. दोन स्वयंसेवकांत किमान वीस मीटर ठेवता आले तर उत्तम. तुलनेला निव्वळ 'काही न लावलेला' माणूस पुरेसा नाही. डीटही ठेवा, म्हणजे त्या रात्री डास किती हट्टी होते हे कळेल. मलमाची मात्रा संशोधकाने तोलून न लावता, निदान एका गटात, माणसाने स्वतःच्या हाताने नेहमीसारखी लावावी. दोन्ही गटांतील फरक पाहिला की वेष्टनावर किती तास छापायचे ते ठरवता येईल.

वापर मोजण्यासाठी लोकांना विचारत बसू नका. ट्यूब देताना तोला आणि दर आठवड्याला पुन्हा तोला. रिकामी ट्यूब परत आली तरच नवी द्यावी आणि अधूनमधून, न सांगता, सायंकाळी सातच्या सुमारास गावात चक्कर मारावी.

रानवाट

तोलण्याची कल्पना आवडली. आमच्या उपकेंद्रात बाळांच्या वजनाचा काटा आहे. तो चालेल का?

पंखवेध

चालणार नाही. आठवड्याला खर्च होणारे मलम काही ग्रॅमच असेल, म्हणून ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा काटा लागेल. तालुक्याच्या ठिकाणी सोनाराकडे असतो तसला. ट्यूबचे झाकण काढून तोलायचे की लावून, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तसेच ठेवा.